प्रिंट दिली की मेलचा प्रोग्राम बंद पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणपासून देवगडपर्यंतच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करते. आंब्याचा हंगाम सुरू झाला की, आणि पुन्हा गणपतीच्या तोंडावर, एक तक्रार हमखास येते. मेल येतात, उघडतात, उत्तरही पाठवता येतं. पण प्रिंट द्यायला गेलं की थंडरबर्ड किंवा आउटलुक खिडकीसकट गायब. आणि जवळजवळ प्रत्येकाला माझ्याआधी कुणीतरी सांगून गेलेलं असतं, "फॉरमॅट मारून घ्या."

कृपा करून मारू नका. या दुखण्यावर फॉरमॅट हा उपाय नाही, आणि त्यात जे जातं ते पुष्कळदा परत आणता येत नाही. आधी खालची उत्तरं वाचा. मी विंडोजवरचं थंडरबर्ड आणि क्लासिक आउटलुक धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या ऑफिसांत हेच दोन दिसतात. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत असतील, इथे ती देवनागरीत दिली आहेत.

गाडी दारात उभी आहे, कागद आत्ताच हवा. दुरुस्ती नंतर बघू. काय करू?

ब्राउझर उघडा, मेलच्या वेबसाइटवर लॉगिन करा आणि तिथून प्रिंट द्या. मेल तोच, प्रिंटर तोच, फक्त मधला प्रोग्राम बदलला. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

पासवर्ड आठवत नसेल तर मेलच्या प्रोग्राममध्येच तो मेल उघडा, फाइल मेनूतून 'सेव्ह अ‍ॅज' करा आणि प्रकार एचटीएमएल निवडा. ती फाइल डेस्कटॉपवर ठेवून ब्राउझरमध्ये उघडा आणि तिथून छापा. सोबत जोडलेली फाइल छापायची असेल तर ती मेलमधून थेट छापू नका. आधी सेव्ह करा, मग तिच्या स्वतःच्या प्रोग्राममधून प्रिंट द्या. पीडीएफ असेल आणि अ‍ॅडोबी रीडरही अडखळत असेल, तर त्याच्या प्रिंटच्या खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज' आहे, तिथे खूण करा. हळू छापलं जातं, पण छापलं जातं.

काहीच जमलं नाही तर मोबाइलवर मेल उघडा आणि पीडीएफ करून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे न्या. दुरुस्ती संध्याकाळी शांतपणे करू.

दोष नक्की कुणाचा? मेलच्या प्रोग्रामचा की प्रिंटरचा?

प्रिंट देता तेव्हा आत काय घडतं ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल.

मेलला पानं नसतात. तो एकच लांब पट्टा असतो, पडदा जेवढा रुंद तेवढा पसरणारा. छापायचं म्हटलं की प्रोग्रामला त्याची पानं पाडावी लागतात, आणि त्यासाठी कागद किती मोठा, कडेला किती जागा सोडायची, रंग आहेत की नाहीत, हे प्रिंटरला विचारावं लागतं. हे उत्तर प्रिंटरचं यंत्र देत नाही, त्याचा ड्रायव्हर देतो. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर कंपनीनं लिहिलेला छोटा प्रोग्राम. विंडोजवरच्या बहुतेक ड्रायव्हरांचा काही भाग अशा वेळी मेलच्या प्रोग्रामच्या पोटात, त्याच्याच मेमरीत येऊन काम करतो. तिथे तो चुकला, नसलेल्या जागी हात घातला, की विंडोज त्याला एकट्याला बाहेर काढू शकत नाही. ज्याच्या पोटात तो बसलाय तो अख्खा प्रोग्रामच बंद करतं. तुम्हाला दिसतं ते 'थंडरबर्ड बंद पडलं'.

म्हणून मेलचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला तरी बऱ्याचदा काही फरक पडत नाही. दुखणं शेजारच्या घरात असतं. अर्थात नेहमीच नाही. कधी खराबी खरंच मेलच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, अ‍ॅड-ऑनमध्ये (म्हणजे त्याला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) किंवा त्या एका मेलमध्ये असते. कुठे आहे ते ओळखायच्या चाचण्या पुढे आहेत.

कशालाही हात लावण्याआधी काय करायचं?

मेलची प्रत काढायची. पेन ड्राइव्हवर, आजच.

कुडाळकडच्या एका काजूच्या कारखान्यात मला बोलावलं होतं. प्रिंटला आउटलुक बंद पडतं म्हणून त्यांच्याकडे कुणीतरी आधीच फॉरमॅट मारून गेला होता. खातं पॉप पद्धतीचं होतं, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरले की सर्व्हरवरून पुसले जात होते. व्यापाऱ्यांशी झालेला अकरा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका डिस्कवर होता, तो गेला. ऑफिस सांभाळणाऱ्या बाई मला रिकामा इनबॉक्स दाखवत होत्या आणि पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवत होत्या, जणू खाली कुठेतरी मेल निघतील. सगळ्यात वाईट म्हणजे प्रिंट दिल्यावर आउटलुक अजूनही बंद पडत होतं. कारण फॉरमॅटनंतर त्याच जुन्या सीडीवरून तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला होता.

थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. त्यात 'प्रोफाइल फोल्डर'समोर ते फोल्डर उघडायचं बटण आहे. फोल्डर उघडलं की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि मग ते अख्खं फोल्डर कॉपी करा. मेल, पत्ते, सेटिंग्ज, साठवलेले पासवर्ड सगळं त्यात असतं, म्हणून तो पेन ड्राइव्ह कुणाच्याही हाती देऊ नका.

आउटलुकमध्ये फाइल, 'अकाउंट सेटिंग्ज', मग 'डेटा फाइल्स' या टॅबवर फाइलचा पत्ता दिसतो. शेवटी पीएसटी असेल तर ती फाइल म्हणजे तुमचे मेल. आउटलुक बंद करून तिची प्रत काढाच. ओएसटी असेल तर ती सर्व्हरवरच्या मेलची कॉपी आहे, तिथे काळजी कमी.

प्रोग्राम नेमका कधी बंद पडतो याला इतकं महत्त्व का?

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि उत्तर बहुधा "प्रिंट दिली की" असं येतं. तेवढं पुरत नाही. एकदा शांतपणे, प्रत्येक पायरीला दोन सेकंद थांबून प्रिंट देऊन बघा.

कंट्रोल आणि पी दाबताक्षणी, पान दिसायच्या आधीच खिडकी गेली, तर प्रोग्राम मागच्या वेळी वापरलेल्या प्रिंटरला हाक मारताना पडतोय. असं फार वेळा होतं. घरी नेलेल्या लॅपटॉपवर ऑफिसचा प्रिंटर लक्षात राहिलेला असतो, किंवा वर्षापूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचं नाव अजून यादीत असतं. थंडरबर्डमध्ये याच टप्प्यावर एखादं अ‍ॅड-ऑनही आडवं येऊ शकतं.

पान दिसलं, पण यादीतून ठरावीक प्रिंटर निवडल्यावर किंवा 'प्रॉपर्टीज' दाबल्यावर गेलं, तर संशय सरळ त्या प्रिंटरच्या ड्रायव्हरवर.

सगळं निवडून झालं, शेवटचं 'प्रिंट' दाबलं आणि गेलं, तर दोन शक्यता: ड्रायव्हर, किंवा त्या मेलमधलं एखादं चित्र वा फॉन्ट. दुसरा साधा, दोन ओळींचा मेल छापून बघा. तो छापला गेला तर दोष मेलमध्ये.

कागद नीट बाहेर आला आणि मग प्रोग्राम गेला, तर प्रिंटरसोबत आलेला शाई-टोनर दाखवणारा छोटा प्रोग्राम बघा. तो काढून टाकला तरी छपाईचं काही अडत नाही.

आणि खिडकी गेलीच नाही, नुसती पांढरट होऊन वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं, तर ते बंद पडणं नव्हे, ते अडकणं. त्याची कारणं वेगळी आहेत; लाईट आणि राउटरचा प्रश्न खाली आहे तिथे बघा.

दोष प्रिंटरकडे की मेलकडे, हे कसं ओळखू?

दोन चाचण्या, पाच मिनिटांचं काम.

पहिली: मेल उघडा आणि प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. विंडोज १० पासून हा प्रिंटर विंडोजसोबतच येतो. त्याला ना केबल, ना कंपनीचा ड्रायव्हर. दुसरी: नोटपॅडमध्ये चार शब्द लिहून ते खऱ्या प्रिंटरवर छापा.

पीडीएफ झाली आणि नोटपॅडही त्याच प्रिंटरशी अडखळलं, तर ड्रायव्हर किंवा प्रिंटर. पीडीएफ करतानाही मेलचा प्रोग्राम बंद पडला आणि नोटपॅड छापतं, तर दोष मेलच्या प्रोग्राममध्ये किंवा त्या मेलमध्ये. पीडीएफ झाली, नोटपॅडही छापलं, पण मेल खऱ्या प्रिंटरवर गेला की बंद, हे सगळ्यात फसवं. तरी माझा अनुभव ड्रायव्हरकडेच बोट दाखवतो: नोटपॅडची साधी अक्षरं त्याला पेलतात, मेलमधली चित्रं, रंग आणि कोष्टकं पेलत नाहीत.

प्रिंटर निवडायची संधीच मिळत नसेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जा. 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि पीडीएफ हाच डीफॉल्ट ठेवा. तो पर्याय चालू असला की तुम्ही शेवटी जिथे छापलं तोच प्रिंटर विंडोज आपणहून डीफॉल्ट करतं, आणि आपण भलत्याच यंत्राशी भांडत बसतो.

थंडरबर्डमध्ये काय तपासू?

शिफ्ट की दाबून धरा आणि थंडरबर्ड उघडा. 'ट्रबलशूट मोड' विचारेल, त्यातच सुरू करा. या अवस्थेत अ‍ॅड-ऑन्स बंद असतात आणि ग्राफिक्स कार्डाची मदत घेणंही बंद असतं. आता प्रिंट झाली, तर दोष या दोनांपैकी एकात. नेहमीसारखं उघडून अ‍ॅड-ऑन्स सगळी बंद करा, मग एकेक चालू करत दर वेळी प्रिंट देऊन बघा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय. तरी निघालं नाही, तर सेटिंग्जच्या जनरल विभागात 'यूज हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन' आहे त्याची खूण काढा आणि थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा.

ट्रबलशूट मोडमध्येही बंद पडत असेल तर लक्षात राहिलेला प्रिंटर विसरायला लावायचा. सेटिंग्ज, जनरल, अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर'. वर शोधायच्या चौकटीत प्रिंट, खालची रेघ, प्रिंटर हे शब्द सलग इंग्रजीत लिहा. त्या नावाची ओळ येईल, तिच्यापुढे जुन्या प्रिंटरचं नाव दिसेल. उजवीकडच्या खुणेनं ती पुसा किंवा रीसेट करा, दुसऱ्या कुठल्याही ओळीला हात लावू नका. भंगारातल्या प्रिंटरचं नाव इथेच जिवंत राहिलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

एवढं करूनही तेच, तर थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डरमधली 'प्रेफ्स डॉट जेएस' ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अवतरणचिन्हात प्रिंट आणि टिंब या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ज्या सेटिंग्ज आहेत, तेवढ्याच ओळी काढा. आधी त्या फाइलची प्रत काढलेली असली पाहिजे. प्रत्येक प्रिंटरचा कागद, समास, रंग असं सगळं या ओळींत साठतं. काढल्या की थंडरबर्ड नव्यानं विचारून घेतं.

आउटलुकमध्ये?

विंडोज की आणि आर दाबा. उघडलेल्या चौकटीत आउटलुक डॉट ईएक्सई, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कीवरची) आणि सेफ हा शब्द, इंग्रजीत लिहून एंटर. आउटलुक अ‍ॅड-इन्सशिवाय उघडेल. इथे प्रिंट झाली तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, तळाशी 'कॉम अ‍ॅड-इन्स', मग 'गो', आणि तिथे एकेकाची खूण काढत जा. अँटिव्हायरस आणि पीडीएफ बनवणारे प्रोग्राम आपापलं अ‍ॅड-इन न विचारता टाकून जातात, सुरुवात त्यांच्यापासून करा.

सेफ मोडमध्येही बंद पडलं तर एक छोटी फाइल बघा. आउटलुक छपाईचे नमुने, म्हणजे मेमो, टेबल वगैरे, 'आउटलप्रिंट' नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. इंग्रजीत त्यातल्या प्रिंट शब्दाचा स्वर गाळलेला असतो आणि नावापुढे टिंबही नसतं. ही फाइल खराब झाली की प्रिंट दिल्या दिल्या आउटलुक जातं. आउटलुक बंद करा. विंडोज की आणि आर दाबून टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं लिहून एंटर करा. मग मायक्रोसॉफ्ट आणि त्यात आउटलुक या फोल्डरमध्ये जा. त्या फाइलचं नाव बदला, शेवटी 'ओल्ड' लावा. पुसू नका. आउटलुक पुन्हा उघडलं की ते नवी फाइल करून घेतं. छपाईचे स्वतः ठरवलेले समास असतील तर तेवढे पुन्हा लावावे लागतील.

नवं आउटलुक मुळात वेबवरचंच आहे, त्याला या फाइलशी देणंघेणं नाही.

यादीत एक जुनी प्रिंट अडकली आहे, 'डिलीटिंग' म्हणते आणि जात नाही.

ती जाईपर्यंत पुढचं काही धड चालणार नाही. विंडोज की आणि आर, सर्व्हिसेस डॉट एमएससी, एंटर. यादीत 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) शोधा, उजव्या बटणानं 'स्टॉप'. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स हे फोल्डर उघडा आणि आतल्या फाइल पुसा. फक्त आतल्या, फोल्डर नाही. परत येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. बाजूच्या कॉम्प्युटरवरच्या प्रिंटही याच कॉम्प्युटरमधून जात असतील तर त्यांना आधी सांगा, त्यांच्याही रांगेतल्या प्रिंट जातील.

ड्रायव्हर नीट काढून पुन्हा कसा टाकायचा?

'रिमूव्ह डिव्हाइस' केलं की प्रिंटरचं नाव जातं, ड्रायव्हर मागे राहतो. पुन्हा जोडलं की तोच बिघडलेला ड्रायव्हर हजर. म्हणून मुळापासून काढावा लागतो.

यूएसबी केबल काढा. प्रिंटर्सच्या यादीतून प्रिंटर काढा. कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे ड्रायव्हर कुणाच्या वापरात राहणार नाही. आता विंडोज की आणि आर दाबून इंग्रजीत प्रिंटयूआय, जागा, तिरकी रेघ आणि एस, जागा, तिरकी रेघ, टी आणि त्याला चिकटून २ हा आकडा असं लिहा. ड्रायव्हर्सची यादी येईल. तुमच्या प्रिंटरचा निवडून 'रिमूव्ह' करा आणि विचारल्यावर 'ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' निवडा. त्याच यादीत मागच्या दोन-तीन प्रिंटरांचे ड्रायव्हर निघतात, तेही काढा.

नवा ड्रायव्हर प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, तुमच्या विंडोजच्या आवृत्तीचा. गुगलवर वर दिसणाऱ्या 'ड्रायव्हर डाउनलोड' साइट्स टाळा. खोक्यातली सीडी वापरू नका. ती प्रिंटर तयार झाला त्या वर्षाची असते, आणि विंडोज तेव्हापासून कितीतरी बदललेलं असतं. कंपनी 'युनिव्हर्सल' ड्रायव्हर देत असेल तर आधी तो वापरून बघा. दोन्ही बाजूंना छपाई, पाणीचिन्ह असल्या खास सोयी त्यात कमी असतील, पण ऑफिसचं रोजचं काम अडत नाही.

एकच मेल छापताना बंद पडतो, बाकी सगळे छापले जातात.

मग प्रिंटरला आणि ड्रायव्हरला सोडा. त्या मेलमध्ये काहीतरी आहे: अवाढव्य चित्र, एकात एक घातलेली कोष्टकं, किंवा बिघडलेला फॉन्ट. तारकर्लीच्या एका होमस्टेमध्ये एका बुकिंग साइटचेच मेल थंडरबर्डला पाडत होते. ग्राहकांनी स्वतः लिहिलेले मेल व्यवस्थित छापले जात.

व्ह्यू मेनूत 'मेसेज बॉडी अ‍ॅज', मग 'प्लेन टेक्स्ट' करा आणि छापा. नाव, तारीख, रक्कम येते, सजावट जाते. किंवा हवा तेवढाच मजकूर माउसनं निवडून प्रिंटच्या खिडकीत 'सिलेक्शन' घ्या.

मराठी मेलच छापताना बंद पडतो. युनिकोडचा प्रॉब्लेम आहे का?

युनिकोडचा नाही, फॉन्टचा. मंगल विंडोज २००० पासून आणि निर्मला यूआय विंडोज ८ पासून विंडोजसोबत येतात, या दोघांत छापताना मला अडचण आलेली नाही. अडचण येते ती लग्नपत्रिका, बॅनर यांसाठी कुठूनतरी कॉपी करून टाकलेल्या शंभर-दोनशे फॉन्टमुळे. त्यातली एखादी फाइल अर्धवट असते. पडद्यावर ती कुणी वापरत नाही, छापताना मात्र प्रोग्राम किंवा ड्रायव्हर तिच्यावर ठेचकाळतो. तक्रार सुरू होण्याच्या आसपास टाकलेले फॉन्ट बाहेर काढून ठेवा आणि बघा. डीटीपीचं काम त्याच कॉम्प्युटरवर होत असेल, तर ऑफिसच्या मेलसाठी दुसरा कॉम्प्युटर असलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाईट जाऊन आल्यापासून हे सुरू झालं.

आपल्याकडे हे नित्याचं. लाईट येते तेव्हा राउटर आणि प्रिंटर दोघेही एकदम उठतात, आणि राउटर प्रिंटरला कालच्यापेक्षा वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) देऊ शकतो. कॉम्प्युटर मात्र प्रिंटरला जुन्या पत्त्यावर शोधत राहतो. मेलचा प्रोग्राम उत्तराची वाट बघत पांढरा पडतो, आपण वैतागून बंद करतो आणि म्हणतो 'क्रॅश झाला'. प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावर किंवा त्याच्या चाचणी पानावर आजचा पत्ता असतो. तो विंडोजमधल्या प्रिंटरच्या 'पोर्ट'शी जुळतोय का पाहा. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवणं आणि विंडोजमध्ये डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधायची पद्धत) ऐवजी टीसीपी-आयपी, म्हणजे ठरलेल्या पत्त्यावरच जाणारं, पोर्ट लावणं. एकदा करून घ्या, वर्षानुवर्षं टिकतं.

चालू कामात लाईट गेली असेल तर फाइलही खराब झालेल्या असू शकतात. मग आउटलुकची पीएसटी, प्रत काढून ठेवल्यावर, ऑफिससोबत येणाऱ्या स्कॅनपीएसटी या प्रोग्रामनं तपासा.

आणि यूपीएस घ्या. फक्त लेसर प्रिंटर त्यावर लावू नका. लेसर प्रिंटर टोनर तापवून कागदावर चिकटवतो, तापताना एका झटक्यात खूप वीज ओढतो, आणि छोटा यूपीएस तेवढ्यात मान टाकतो. कॉम्प्युटर आणि राउटर यूपीएसवर, लेसर प्रिंटर भिंतीच्या सॉकेटवर.

पावसाळ्यातच का होतं? दमटपणाचा काही संबंध आहे का?

दमट कागदानं प्रोग्राम बंद पडत नाही. कागद अडकतो, दोन-दोन ओढले जातात, टोनर धड चिकटत नाही, लेसरमधून कागद वाफ सोडत वाकडा बाहेर येतो. हे सगळं त्रासाचं आहे, पण वेगळं आहे.

संबंध येतो तो खाऱ्या वाऱ्याचा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या ऑफिसात, एका जुलैत, मी प्रिंटरच्या मागची यूएसबी पिन ओढून काढली तर तिच्या चकचकीत पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड बसली होती आणि कडेला जांभ्याची लाल धूळ ओली होऊन चिकटली होती. प्रिंट दिली की कॉम्प्युटर 'टुं-डुं' आवाज करायचा, म्हणजे प्रिंटर निघाला. लगेच 'डुं-टुं', म्हणजे जोडला गेला. ड्रायव्हर कागद पाठवत असताना मधूनच प्रिंटर नाहीसा झाला की तो गोंधळतो आणि सोबत मेलच्या प्रोग्रामलाही घेऊन जातो. केबल बदलली, मागचं दुसरं पोर्ट वापरलं, थांबलं. तो आवाज ऐकू येत असेल तर ड्रायव्हरकडे जाण्याआधी केबल बदला.

आगोटीची बाकी तयारी करता तशी याचीही करा. कागदाची रिमं प्लास्टिकसकट पत्र्याच्या डब्यात, ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढेच कागद. आठवडाभर ऑफिस बंद राहणार असेल तर केबल काढून प्रिंटर झाकून ठेवा.

विंडोज अपडेट झाल्यावर सुरू झालं. अपडेट काढू का?

असं होऊ शकतं. ९ मार्च २०२१ च्या विंडोज १० च्या अपडेटनंतर काही प्रिंटरांवर प्रिंट देताच अख्खा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडत होता. मायक्रोसॉफ्टनं १५ मार्चपासून त्यावर वेगळं अपडेट दिलं. म्हणून आधी आणखी नवं अपडेट आलंय का ते बघा. नसेल, तर 'अपडेट हिस्टरी'मधून ते एक काढता येतं. पण अपडेट कायमची बंद करून ठेवू नका. त्याच वर्षी जुलैत प्रिंट स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावानं गाजलेली सुरक्षेतली मोठी पळवाट उघडी पडली होती, आणि ती बुजवली अपडेटनंच.

कुणाचा दोष ते कॉम्प्युटर स्वतः सांगत नाही का?

सांगतो. विंडोज की दाबून 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. 'विंडोज लॉग्ज', मग 'अ‍ॅप्लिकेशन'. बंद पडलं त्या वेळेची, १००० क्रमांकाची लाल खुणेची नोंद उघडा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ असते. तिथे प्रिंटर कंपनीच्या नावाची आद्याक्षरं असलेली फाइल दिसली, तर चोर सापडला, सरळ ड्रायव्हर बदला. मेलच्या प्रोग्रामचीच फाइल असेल तर तो आधी अपडेट करा. एनटीडीएलएल असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. ती विंडोजची मूळ फाइल आहे, कुणीही चुकलं तरी नाव तिचं येतं.

थंडरबर्डनं बंद पडल्यावर अहवाल पाठवू का असं विचारलं तर पाठवा. पाठवलेल्या अहवालांचे क्रमांक 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये दिसतात.

नवी प्रोफाइल करून बघितली तर?

वरचं सगळं करून झाल्यावर. थंडरबर्ड बंद करून विंडोज की आणि आर, थंडरबर्ड, जागा, आडवी रेघ आणि मोठा पी. 'क्रिएट प्रोफाइल' करा, खातं आयमॅप पद्धतीनं (यात मेल सर्व्हरवरच राहतात) जोडा, एक मेल छापून बघा. छापला गेला तर जुन्या प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये दोष होता हे सिद्ध झालं. जुनी प्रोफाइल पुसायला गेलात तर 'डिलीट फाइल्स' आणि 'डोन्ट डिलीट फाइल्स' असे दोन पर्याय येतात. पहिला दाबला की मेल गेले. मी तर सांगेन, जुनी तशीच राहू द्या.

आमच्याकडे विंडोज ७ आहे. विंडोज लाइव्ह मेल वापरतो.

लाइव्ह मेलचा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७ मध्येच थांबवला. विंडोज ७ वर चालणारी शेवटची थंडरबर्डची मुख्य आवृत्ती ११५. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा कॉम्प्युटरवर वेळ आणि पैसे घालवण्याआधी मेल बाहेर काढून घ्या, तेच महत्त्वाचं.

मॅकवर?

'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'च्या यादीवर कंट्रोल धरून क्लिक करा, 'रीसेट प्रिंटिंग सिस्टम'. सगळे प्रिंटर पुन्हा जोडावे लागतील.

दुरुस्ती करणाऱ्याला बोलावलं तर काय सांगू?

कुठल्या पायरीला बंद पडतं, पीडीएफ होते का, नोटपॅड छापतं का, आणि त्या दिवसाच्या आसपास काय नवं झालं: अपडेट, नवा प्रिंटर, फॉन्ट, लाईट. एवढं सांगितलंत तर त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे. मेलची प्रत काढून झालीय हेही सांगा. त्यानं काही न तपासता फॉरमॅटचं नाव काढलं तर विचारा, "पीडीएफ करून पाहिलीत का?"

बरं झालं असं कधी समजायचं?

एक साधा मेल, एक चित्रांचा आणि एक मराठी, असे तीन छापा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा आणि तेच तीन पुन्हा छापा. मग प्रिंटर बंद असताना एकदा प्रिंट देऊन बघा. प्रोग्रामनं 'प्रिंटर ऑफलाइन' म्हणून निमूट परत यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्यावर पहिली प्रिंट निघाली की पेन ड्राइव्हवरची प्रत कपाटात ठेवून द्या.